अण्णांचे कान

अण्णा,

परभणीच्या डॉक्टरांनी मला तुमच्या कानांबद्दल विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. त्यानंतर लग्न झालं, ताडकळसला नांदायला आले, लेक झाली, ती आता पाचव्या वर्षाकडे निघाली आहे. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही विचारायचं राहून गेलंय असं मला कधी वाटलं नव्हतं. मनातल्या मनात तुमच्याशी बोलत मात्र असते, भाकरी थापताना, मशीनवर गिऱ्हाइकांचे ब्लाऊज शिवताना. पण ही गोष्ट मनात नीट लागत नाही, मधेच सुटते, म्हणून कागद घेतला. दुपार आहे. पोर झोपली आहे आणि सासूबाई ओसरीवर तूर निवडत बसल्या आहेत.

आधी तुमच्या नातीचं सांगते. दिसायला ती आपल्या आईवर गेली आहे, म्हणजे माझ्या आईवर, तेच रुंद कपाळ. चालायला वेळेवर लागली. सोयाबीनचं खळं चालू होतं, ताडपत्रीवर बसवली होती, तर उठून थेट पोत्यांकडे चालत गेली आणि आम्ही सगळे कामं टाकून बघत राहिलो. 'पापा', 'बस', 'गाय' असे दोन-चार शब्द पण आले होते. मग ते गेले. कधी गेले ते सांगता येत नाही, कारण शब्द येताना कळतो, जाताना कळत नाही. हाक मारली तर वळून बघत नाही. शेजारी मिक्सर लागला की दोन्ही कानांवर हात ठेवून किंचाळते आणि फार झालं तर भिंतीवर डोकं आपटते. कुणी केसाला हात लावलेला चालत नाही. पण माझ्या शिलाई मशीनचं चाक फिरायला लागलं की टेबलावर गाल टेकवून अर्धा अर्धा तास बघत राहते, आणि तेव्हा तिचा चेहरा इतका निवांत असतो की मी गरज नसताना पण पायडल मारत बसते.

अंगणवाडीच्या ताईंनी मला एकदा दारात थांबवलं. "ताई, राग मानू नका, पण ही बाकीच्या लेकरात बसंना. आपल्याच नादात ऱ्हाती. एकदा परभणीला लेकरांच्या डॉक्टरला दाखवा की." राग आला नाही. हे कुणीतरी म्हणावं म्हणून मी थांबले होते बहुतेक. घरी सांगितलं तर सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "काय दाखवायचंय? आमच्या दिराचं पोरगं पाचव्या वर्षी बोललं. आता गप बस म्हनलं तर बसंना. आन् एकदा का दवाखान्याच्या कागदावर आलं की पोरीच्या मागं लागतं ते जल्मभर. उद्या सोयरीक कोन करंल?" माझे मालक जेवत होते. ते फार बोलत नाहीत, शेतात कापूस आणि सोयाबीन यांच्याशी बोलून त्यांचं भागतं. घास गिळून म्हणाले, "दाखवून येऊ. दाखवल्यानं काय बिघडतंय?" आणि पुढचा घास घेतला. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, नातीशी मात्र दुप्पट बोलल्या.

फोन लावून पुढच्या महिन्यातली तारीख घेतली, आणि मग मला खरी धास्ती बसली. दवाखान्यात गर्दी असणार, लेकरं रडत असणार, अनोळखी माणूस हिच्या अंगाला हात लावणार. ही तिथं काय करील? तेव्हा अण्णा, मला आपला शाळेत नाव घालायचा दिवस आठवला. म्हणजे त्याच्या आदला दिवस. आपल्या गावातली, झरीतली, आपली गिरणी अजून उघडायची आहे, आत सगळीकडे पिठाचा थर, आणि तुम्ही मला पत्र्याच्या डब्यावर बसवून समोर उकिडवे बसला आहात. "मी गुरुजी. सांग, नाव काय?" मी सांगते. "बापाचं नाव?" सांगते. "पाडे येतेत का?" मी दोनाचा पाढा म्हणते, मग न विचारता शेजारणीच्या शेळीची गोष्ट सांगते, मग त्या शेळीच्या पिलाची. तुम्ही हसता. दुसऱ्या दिवशी शाळेत मला सगळं आलं, तुम्हालाच आलं नाही. गुरुजींनी जन्मतारीख विचारली आणि तुम्ही मोठ्यानं सांगितलंत, "दोन पायली." गुरुजी आधी बघतच राहिले, मग पोटभर हसले, आणि गावातल्या निम्म्या पोरांसारखी माझी जन्मतारीख त्यांनीच ठरवून टाकली. घरी येताना तुम्ही मला म्हणालात, "गुरुजी दळनाचंच इचारायले वाटलं मला." आपण दोघं हसत आलो. तुम्हाला कमी ऐकू येतं हे सगळ्या झरीला माहीत होतं. गिरणीवाल्याचे कान, दुसरं काय.

म्हणून मी पण तसंच ठरवलं, पोरीला आधी घरीच दवाखाना दाखवायचा. मालक खत आणायला परभणीला जाणार होते. त्यांना म्हटलं, दवाखान्याचे फोटो काढून आणा. "कशाचे?" "सगळ्याचे. जिना, दार, बसायचा बाक." ते काही न विचारता गेले आणि फोटो काढून आले. रस्त्यावरून दिसणारी पाटी, खालचं औषधाचं दुकान, जिना, निळं दार, आतला बाक आणि छताचा पंखा. पंख्याचे तीन होते. पंखा तिला आवडतो हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. रोज चहाच्या वेळेला मी तिला ते फोटो एकामागे एक दाखवायची. पहिले काही दिवस ती फक्त पंख्यावर थांबायची. मग एकदा तिनंच बोटानं मागं सारत जिना आणला, मग दार आणलं, मग पुन्हा पंखा.

तपासणीचं मात्र जमेना. मी मालकांच्या जुन्या इअरफोनच्या वायरला बाटलीचं झाकण बांधलं आणि गळ्यात घातलं. तिच्या छातीला झाकण लावायला गेले की हात झटकून ती पळायची. सासूबाई लांबून बघत होत्या. शेवटी मी म्हटलं, "आत्याबाई, तुमी पडा की जराशा बाजंवर." "मला काय धाड भरलीय?" असं म्हणत त्या आडव्या झाल्या. मी झाकण लावलं. "काय होतंय आजी?" "गुडघे धरलेत, आन् सून आयकंना." "तोंड उघडा, आ करा." त्यांनी असा काही आ केला की शेजारची म्हातारी डोकावून गेली. पोर खांबाच्या आडून बघत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काही दिवसांनी ती आली, माझ्या गळ्यातली वायर ओढून घेतली आणि ते झाकण आजीच्या कपाळावर ठेवलं. सासूबाई हलल्या नाहीत. डोळे मिटून म्हणाल्या, "बघ बाई, कपाळातच हाय माझ्या सगळं." मी तोंडाला पदर लावून हसले आणि मग आत जाऊन जराशी रडले.

सासूबाईंची एकच अट होती. "जायचं तर जाऊ, मी पन येते. पन तिथं बोलत न्हाई एवढंच सांग. डोकं आपटती, चावती, ते नको सांगूस. येडी म्हनतेल लेकराला." मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. खरं सांगायचं तर मला पण ते सांगायला नको होतं.

इथं गिरणीतली एक गोष्ट सांगते, तुम्हाला ती नवी नाही. गिरणी चालू असली की माणसाचा आवाज माणसाला पोचायचा नाही, म्हणून तुम्ही सगळ्यांशी हातानं बोलायचात. अंगठा आणि बोट चोळलं की बारीक. मूठ उघडून बोटं पसरली की जाड. तळहात उलटा केला की झालं, घेऊन जा. सगळ्या बायकांना ते पाठ होतं. घरी जेवताना पण तुम्ही तळहात उलटा करायचात आणि आई वैतागायची, "गिरनी बंद झाली, आता तरी तोंडानं बोला." तुम्ही माझ्यावर एकदाच ओरडलात, मी खेळता खेळता मोटारीच्या फिरत्या पट्ट्याजवळ गेले तेव्हा. हातानं केलेली खूण मी बघितली नव्हती म्हणून तुम्ही ओरडलात, आणि त्या गिरणीच्या आवाजावर चढलेला तुमचा आवाज ऐकून रांगेतल्या बायका पण दचकल्या. मोटार बंद केलीत आणि मला उचलून दारापाशी नेऊन बसवलंत. संध्याकाळी उरुसाहून आलेल्या कुणाकडून तरी गुळात घोळलेली गुडीशेव मागून आणलीत, माझ्या ओंजळीत ओतलीत आणि समोर बसून मी संपवेपर्यंत बघत राहिलात. शेवेला पण पीठ लागलेलं होतं.

तर गेल्या हिवाळ्यात माझा घसा बसला होता, तोंडातून शब्द फुटत नव्हता. चटणी वाटायला मिक्सर लावला आणि पोरीनं आकांत केला. मी पळत येऊन बटण बंद केलं, तिच्यासमोर बसले, आणि बोलता येत नव्हतं म्हणून आपोआप हात उलटा केला. झालं. ती रडता रडता हाताकडे बघायला लागली. मग तिनं माझा हात धरला आणि स्वतः पुन्हा उलटा केला. त्यानंतर मिक्सर बंद करताना मी रोज तसं करायला लागले. पुढे भाकरी भरवताना 'बारीक' पण शिकवलं, म्हणजे शिकवायचं असं ठरवून नाही, दुधात भाकरी कुस्करताना माझी बोटं तशी चालायचीच. एके दिवशी वाटीत मोठे तुकडे राहिले होते. तिनं वाटी माझ्याकडे ढकलली आणि अंगठ्यावर बोट चोळलं. अण्णा, तुम्ही न बघितलेली तुमची नात, गिरणीच्या रांगेतल्या बाईसारखी, मला बारीक करून मागत होती.

दवाखान्याच्या दिवशी आम्ही चौघं एस.टी.नं गेलो. बसमध्ये ती खूश असते. जिना तिला ओळखीचा होता, निळ्या दारावर तिनं तळवा ठेवला, इथपर्यंत सगळं इतकं सरळ झालं की मला भीती वाटायला लागली. आत मात्र बाक भरलेला, एक तान्हं लेकरू टाहो फोडून रडतंय, भिंतीवर टीव्ही चालू. तिनं वर बघितलं तर पंखा बंद होता. मग ती किंचाळली. मी उचलायला गेले तर दंडाला चावली. सगळे बघायला लागले. एक बाई शेजारणीला म्हणाली, "लाड लय झाले की असंच होतंय." मी खाली मान घातली, पण सासूबाई वळल्या. "तुमचं काय घ्यायलीय ती? तुमी तुमचं लेकरू बघा." इतक्या दिवसांत त्या माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या असं मला पहिल्यांदा वाटलं. तिथल्या पोऱ्यानं आम्हाला जिन्यात थांबायला सांगितलं, नंबर आला की बोलावतो म्हणाला, आणि मालक तिला कडेवर घेऊन पायऱ्या चढत-उतरत राहिले.

डॉक्टर माझ्याहून फार मोठे नसतील. त्यांनी तिला बोलावलं नाही, हात लावला नाही, जमिनीवर एक चाकाची गाडी सोडली आणि आमच्याशी बोलायला लागले. कधी बसली, कधी चालली, शब्द कोणते होते. मी सांगत गेले. मग म्हणाले, "रागात काय करते?" मी म्हटलं, "जराशी हट्टी आहे. मनासारखं झालं नाही की रडते." ते लिहायला लागले, तेवढ्यात सासूबाई खुर्चीत पुढं सरकल्या. "डॉक्टरसाहेब, ते रडन्याचं लिहू नका. ती डोकं आपटती भितीला. कपाळाला टेंगूळ हाय बघा, काल आलेलं. माज्या हाताला पन चावती, हे बघा." आणि त्यांनी बाही वर केली. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "एवढ्या लांबून आलाव, आता कशाला झाकायचं?" मालकांनी फोनमधला व्हिडिओ काढून डॉक्टरांसमोर धरला, तिच्या एका आकांताचा. त्यांनी तो काढलेला मला माहीतही नव्हता. मी खिडकीकडे तोंड केलं.

"काही हवं असलं तर कसं सांगते?" डॉक्टरांनी विचारलं. "हात धरून नेते," मी म्हटलं. "बोट दाखवते का?" नाही दाखवत. मग मी गिरणीच्या खुणांचं सांगितलं, लाजत लाजत. ते हसले नाहीत. 'झालं' कसं करता ते दाखवायला सांगितलं, 'बारीक' पण. म्हणाले, "चांगलं आहे, हे चालू ठेवा. खुणा केल्या म्हणून बोलणं मागं पडत नाही." नंतर कानात बॅटरीनं बघताना तिनं खोली डोक्यावर घेतली. बघून झाल्यावर डॉक्टरांनी तिच्यासमोर तळहात उलटा केला. रडणं थांबलं नाही, पण लाथा मारायची थांबली.

आणि मग त्यांनी ते विचारलं. घरात कुणी उशिरा बोलायला लागलेलं आहे का, कुणाला कमी ऐकू येतं का? मालकांच्या बाजूचं सासूबाईंनी दिराच्या पोरापासून सगळं सांगितलं. मी म्हटलं, माझ्या वडलांना कमी ऐकू यायचं, पण ते गिरणीमुळे. "गिरणीच्या आधी ऐकू यायचं का नीट?" मला तुम्ही गिरणीच्या आधीचे माहीतच नाहीत, अण्णा. मला वाटायचं तुम्ही जन्मलात तेच पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया घेऊन. मी म्हटलं, पण ही मिक्सरला घाबरते, म्हणजे हिला ऐकू येतंच ना? डॉक्टर म्हणाले, मोठा आवाज सहन होत नाही म्हणजे बोलण्यातले सगळे आवाज नीट पोचतात असं नसतं, म्हणून आधी कानांची तपासणी करून घ्या, मग पुढचं बघू. हिला काय आहे त्याचं नाव एका भेटीत देत नाही, म्हणाले. बोलण्याच्या आणि खेळण्याच्या थेरपीसाठी मात्र आजपासूनच नाव घाला, त्याला थांबू नका.

परत येताना बसस्टँडवरून मी आईला फोन लावला. ती झरीलाच असते, दादाजवळ. "आई, अण्णांना आधीपासून कमी ऐकू यायचं का गं?" "लग्नात भटजी सावधान म्हनले, सगळे टाळ्या वाजवायले, आन् तुजा बाप हार घेऊन तसाच उभा. मागून मामानं ढोसलं तवा घातला माज्या गळ्यात. म्या म्हनलं वाजंत्री लय हाय, त्याच्यामुळं आसंल. मग म्हनलं नवीन नवरी, लाजतेत. मग गिरनी घेतली, मग काय, गिरनीमुळं." तिला हसू आलं. मग म्हणाली, "कुनी दाखवलंच न्हाई की गं त्यान्ला कुठं." पोर माझ्या मांडीवर होती आणि उभ्या एस.टी.च्या चाकाकडे बघत होती.

तर उत्तर असं मिळालंच नाही. लहानपणी तुम्ही कधी बोललात, आजीनं तुम्हाला हाक मारली की वळायचात का, शाळेत चौथीतून नाव काढलं ते गरिबीमुळे की गुरुजींचं ऐकू येत नव्हतं म्हणून, हे सांगणारं आता कुणी उरलं नाही. तुम्ही हातानं बोलायचात, त्यात आम्हाला गंमत वाटायची. त्याच्या मागं तुम्हाला काही कष्ट पडत असतील असं माझ्या कधी मनात आलं नाही.

कानांची तपासणी गेल्या आठवड्यात झाली. तिला झोपवून करावी लागते. सासूबाईंनी दवाखान्याच्या खाटेवर बसून अंगाई म्हटली, आणि तिला झोप लागल्यावर तिथल्या ताईंनी कपाळाला आणि कानामागे वायरी लावल्या. कागद बघून त्या म्हणाल्या, दोन्ही कान चांगले आहेत. मालकांनी इतका मोठा श्वास सोडला की पोर हलली. घरी आल्यावर सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली आणि सगळ्यांच्या हातावर चिमूट चिमूट दिली. थेरपी चालू झाली आहे, आठवड्यातून एकदा जातो, उरलेले दिवस घरीच करायला सांगितलंय, त्यात आजी सगळ्यात पुढं. परवा पोरीनं थेरपीच्या ताईंच्या हातातला चेंडू मागायला हात पुढं केला. पुढं काय होईल ते डॉक्टर सांगत नाहीत आणि आम्ही विचारायचं सोडलं आहे. पण लेकरू आधीपेक्षा कमी रडतंय, आणि घरात आता कुणी काही झाकत नाही.

सासूबाई आत आल्या, पोर उठेल एवढ्यात. हा कागद मी शिलाईच्या डब्यात चिंध्यांखाली घालून ठेवणार आहे. घरात सगळ्यांना मी सांगितलं की कान चांगले निघाले, लय बरं झालं. बरं वाटलं पण. फक्त अण्णा, त्या ताईंनी कागद माझ्या हातात दिला तेव्हा आधी क्षणभर मला वाईट वाटलं होतं. मला वाटत होतं, निदान कान तरी तुमचे निघतील.